पाचव्या पायरीवरचे बूट

आमच्या घरात पायताणाला फार मान होता, कारण ते फार कमी होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. काळ्या मातीत साचा दाबायचा आणि भट्टीतून आलेलं वितळलेलं लोखंड त्यात ओतायचं, हे त्यांचं काम. जे कामगार कायम झाले त्यांना कंपनी लोखंडी टोपणाचे बूट द्यायची. आप्पा बावीस वर्षं तिथे होते आणि बावीस वर्षं कंत्राटीच राहिले, त्यामुळे टायरच्या सोलाची चप्पल घालून भट्टीपुढे उभे राहायचे. मी सातवीत असताना त्यांच्या डाव्या पावलावर लोखंडाच्या रसाचा एक थेंब पडला. एकच. पण दीड महिना ते खाटेवर होते, आई दिवसभर लोकांच्या साड्यांना फॉल लावायची, आणि संध्याकाळी भात केला की सकाळी त्याच भाताला फोडणी पडायची.

तरी मी शिकले. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगची पदवी. वर्गातली काही पोरं 'मागच्या दारानं आलेली' म्हणायची. म्हणोत. आमच्या सात पिढ्यांत पदवीचा कागद घरात आणणारी मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे.

दोन हजार एक साली मला आयर्लंडमध्ये डंडॉकला नोकरी लागली. एका कारखान्यात, यंत्राचे बारीक सुटे भाग तपासायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लोखंडी टोपणाचे बूट दिले. मी ते बूट मांडीवर घेऊन फोटो काढला आणि घरी पाठवला. आईनं तो फोटो देव्हाऱ्याशेजारी लावला. आप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "बसत्यात न्हवं नीट?"

आणि त्याच आठवड्यात मी एका जर्मन म्हाताऱ्याच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली.

ते तरुणपणी जर्मनीहून आलेले. गावातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्यभर डाय, म्हणजे धातूचे साचे, घासले, एका आयरिश बाईशी लग्न केलं, बाई गेल्या, आणि हे त्या घरात एकटे उरले. उंच, किंचित वाकलेले, कानामागे सुतारी पेन्सिल. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. पहिल्या दिवशी विचारलं, शिक्षण काय? मी सांगितलं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "फ्राउ इंजिनिअर." फ्राउ म्हणजे बाई; त्यांच्याकडे शिकलेल्या माणसाला पदवीसकट हाक मारायची रीत. सहा वर्षं त्या घरात मी फ्राउ इंजिनिअर होते. कपडे वाळवायच्या कपाटाला तिकडे 'हॉट प्रेस' म्हणतात, त्यावर चिठ्ठी असायची, "फ्राउ इंजिनिअर, आपले मोजे वाळले आहेत."

बॅग घेऊन वर चढताना, अगदी वरच्या टोकाला, मी धाडकन पडले. एक पायरी अर्ध्याच उंचीची होती. पाय अंदाजानं उचलला आणि अंदाज चुकला. आवाज ऐकून ते धावत आले. मला उचलायला नव्हे. माझ्या पायांशी वाकून त्यांनी आधी दोन पायऱ्या खाली उजव्या कडेला ठेवलेले जुने फुटबॉलचे बूट तपासले. चामड्याचे, घोट्यापर्यंत येणारे, खाली चामड्याच्याच गुट्ट्या ठोकलेल्या. लाकडासारखे कडक झालेले.

"हलले नाहीत," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आपण ग्रँड आहात?"

ग्रँड म्हणजे तिकडे 'ठीक'. ते त्याचा उच्चार 'ग्रांट' असा करायचे.

"मी ग्रँड आहे," मी गुडघा चोळत म्हणाले. "ही पायरी अशी का आहे?"

"ती चौऱ्याण्णव साली आली," ते म्हणाले.

हळूहळू कळलं. त्यांचं गाव पूर्व जर्मनीतलं, आणि त्या गावाचा एक छोटा फुटबॉल क्लब. तो जिना म्हणजे त्या देशातल्या साखळी स्पर्धांची उतरंड. सगळ्यात वरची पायरी म्हणजे पहिला दर्जा, टीव्हीवर दिसणारा. तिच्याखाली दुसरा, तिच्याखाली तिसरा. त्यांचा क्लब ज्या दर्जात खेळत असेल त्या पायरीवर ते बूट.

"आम्ही तिसरे होतो," ते सांगायचे. "मग भिंत बांधली, आणि दोन वर्षांनी त्यांनी आमचा दर्जाच रद्द केला. आम्ही जिल्ह्यात गेलो. तरी मोजलं तर तिसरेच. बरोबर? मग भिंत पडली. दोन देशांचे जिने एकमेकांना जोडले. आम्ही चौथे. कोणाशी हरलो? कोणाशी नाही. मग चौऱ्याण्णव साली वरती एक नवा दर्जा घुसवला. आता आम्ही पाचवे. कोणाशी हरलो?"

"कोणाशी नाही," मी म्हणायची.

"म्हणून मी बूट खाली घेतले नाहीत. खाली घेणं म्हणजे खोटं बोलणं. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमध्ये एक पायरी बसवली."

खरोखरच बसवली होती. सुरेख काम, रंधा मारून, कडा गोल करून. बूट होते तिथेच राहिले आणि चौथ्याचे पाचवे झाले. टपालवाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो कोणी वर गेला तो तिथे अडखळला. शेजारची बाई मला म्हणाली, "युअर मॅन," म्हणजे तिकडच्या बोलीत 'हा गडी', "वेडा नाहीये हं. त्याच्या बायकोलाही वाटायचं नाही. ती फक्त म्हणायची, बरं झालं याचा क्लब बुद्धिबळाचा नाही, नाहीतर घरभर चौकटी पाडल्या असत्या."

त्यांचं एक वाक्य होतं: "पडणं वेगळं आणि जिना हलणं वेगळं." लोणी लावताना म्हणायचे, बागेत गुलाब छाटताना म्हणायचे. मला ते विनोदी वाटायचं, एका दिवसापर्यंत. आमच्या कारखान्यात पदांची फेररचना झाली आणि माझ्या नावापुढचं 'इंजिनिअर' जाऊन 'टेक्निशियन' आलं. पगार तोच, टेबल तेच. पण मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडले. घरी काय सांगणार होते? त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पावाच्या पिशवीवर एक जिना काढला आणि विचारलं, "आपण खराब माल पास केला?"

"नाही."

"चांगला माल नापास केला?"

"नाही."

"मग आपण पडला नाहीत. त्यांनी करवत चालवली. उद्या जाऊन विचारा, करवत कोणाकडे आहे."

मी गेले आणि विचारलं. एवढ्या स्वच्छ शब्दांत नाही, पण विचारलं. चार महिने लागले, तो शब्द परत आला. त्या दिवशी त्यांनी सफरचंदाचा केक केला आणि त्यात साखर विसरले.

शनिवारी दुपारी मात्र त्यांच्याशी बोलायचं नाही. तीन वाजायच्या सुमाराला ते जिन्यात, बुटांशेजारी जाऊन बसायचे. कधीतरी दारावरच्या रंगीत काचेतून ऊन यायचं आणि त्यांच्या गुडघ्यांवर हिरवं-पिवळं पडायचं. डोळे मिटलेले. ओठ हलायचे. पाचव्या दर्जाचा सामना कुठल्या रेडिओवर लागणार? ते स्वतःच तो खेळायचे. पाऊस असला तर चेंडू जड व्हायचा, त्यांचा खांदा झुकायचा. मधल्या सुटीत खाली येऊन चहा, आणि पुन्हा वर. मी खाली बसून पालक निवडत असायची, आणि ऐकता ऐकता मलाही वाटायचं, जिन्याच्या वरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गवत आहे, चुन्याच्या रेघा आहेत, दूर कुठेतरी कारखान्याची चिमणी आहे आणि एक उजव्या अंगाचा खेळाडू कडेकडेनं पळतो आहे. एकदा त्यांनी डोळे न उघडता मला विचारलं, "तुमच्या गावात किती दर्जे?" मी कोल्हापूरच्या पेठांच्या संघांबद्दल सांगितलं, तालमीच्या नावानं खेळणारे, गल्लीच्या इभ्रतीसाठी भांडणारे. त्यांनी एक डोळा उघडला. मग म्हणाले, "चांगलं गाव आहे."

सामन्याचा खरा निकाल गुरुवारी यायचा, पोस्टकार्डावर. पत्ता, आणि मागे फक्त दोन आकडे, मध्ये दोन टिंबं. सही नाही, मजकूर नाही. खाली कोपऱ्यात गुणतक्त्यातला क्लबचा क्रमांक. मोसमातल्या प्रत्येक आठवड्याला एक, अशी हॉलमधल्या खणात शेकडो होती. मी एकदा उत्साहानं म्हणाले, "कशाला गुरुवारपर्यंत थांबता? शनिवारीच संध्याकाळी इंटरनेटवर दिसेल. दाखवू?"

ते दचकले. "नको. मला आधी कळलं तर माझ्या भावाला काय काम उरेल?"

भावाचं नाव निघालं ते असं. तेव्हा त्यांनी बाकीचंही सांगितलं, केटलीकडे बघत.

बूट भावाचे होते. भाऊ दोन वर्षांनी मोठा, क्लबचा उजव्या अंगाचा खेळाडू. अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरात, वीस वर्षांचे असताना, यांनी घर सोडलं. बर्लिनपर्यंत आगगाडी, तिथून पलीकडे पश्चिमेत. कोणालाही न सांगता. स्वतःच्या बुटांचे तळ गेले होते, बाहेर बर्फाळ चिखल होता, आणि दाराशी भावाचे बूट ग्रीस लावून ठेवलेले होते. यांनी ते पायात घातले आणि गेले. रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकले असते तर क्लब तिसऱ्यावरून दुसऱ्या दर्जात गेला असता. भाऊ कोणाचे तरी मोठ्या मापाचे बूट घालून खेळला. क्लब एका गोलानं हरला.

"तो माझ्यावर रागावला नाही," ते म्हणाले. "त्यानं फक्त निकाल कळवला. तेव्हापासून कळवतो आहे."

"मग तुम्ही परत का गेला नाहीत? भिंत पडून इतकी वर्षं झाली."

"मी त्यांची एक पायरी नेली, फ्राउ इंजिनिअर. क्लब एक पायरी स्वतःच्या पायानं वर चढला की मी बूट परत द्यायला जाणार. हे ठरलेलं आहे."

"कोणाशी ठरलंय?"

"माझ्याशी."

मी गणित केलं. क्लब तेव्हापासून एकदाही चढला नव्हता. उलट दर्जे वरून वाढत होते. आणि दोन हजार आठपासून तिकडे पुन्हा एक नवा दर्जा येणार असं ठरलं, तेव्हा ते पाचव्यावरून न हरता सहावे होणार होते. म्हाताऱ्यांनी ओकची फळी आणून, घासून, मागच्या शेडमध्ये तयार ठेवली. मी म्हटलं, आधीच्या अर्ध्या पायरीशेजारी अजून एक घातलीत तर तो जिना राहणार नाही, मसाल्याची मांडणी होईल. ते हसले नाहीत. "वेळ आहे," म्हणाले. "या मोसमात आम्ही पहिले येऊ शकतो. पहिला येतो तो वर चढतो."

दोन हजार सातच्या वसंतात क्लब खरोखर वरती होता. दर गुरुवारच्या कार्डावर कोपऱ्यात एक किंवा दोन. पण अक्षर बदललं होतं. आकडे थरथरत होते, टिंबं रेघा झाली होती. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार.

मे महिन्यात माझे आई-आप्पा आले. पहिल्यांदा विमानात बसलेले. आप्पा पहाटेच उठायचे, भट्टीची सवय, बागेत उभे राहून थंडीत दात वाजवायचे आणि म्हणायचे, "लई ग्वाड हवा हाय." म्हातारे त्यांना काम दाखवायला शेडमध्ये न्यायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासन्‌तास पत्र्यावर बोट फिरवत गप्पा चालायच्या. पायऱ्यांचं प्रकरण मी आई-आप्पांना सांगितलंच नव्हतं. फक्त म्हटलं होतं, जिन्यात वरती जपून. कसं समजावणार? मलाच समजायला दोन वर्षं लागली होती. न सांगणं ही माझी चूक.

मोसमातलं शेवटचं कार्ड जूनच्या सुरुवातीला आलं. शेवटचा सामना बरोबरीत सुटला होता. कोपऱ्यात 'दोन'. आणि एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदाच खाली दोन ओळी होत्या. त्यांनी मला वाचून दाखवल्या: "आता मैदानात जाता येत नाही. पाय साथ देत नाहीत. निकाल फोनवर विचारून लिहितो."

ते कार्ड घेऊन जिन्यात बसले. गुरुवार असून बसले.

"जा ना आता," मी म्हणाले.

"आम्ही दुसरे आलो."

"पण भाऊ..."

"फ्राउ इंजिनिअर, ठरलेलं आहे." आवाज अगदी बारीक होता.

चार दिवसांनी, सोमवारी सकाळी कामावर जायला म्हणून मी खाली उतरू लागले आणि वरतीच थांबले. पाचवी पायरी रिकामी होती. धुळीत बुटांच्या तळांचे दोन स्वच्छ ठसे.

खाली दार सताड उघडं. बाहेर पायरीवर आप्पा बसलेले, शेजारी आईची खोबरेल तेलाची बाटली, हातात माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा. आणि उंबऱ्याबाहेर ते बूट. तेल पिऊन गर्द तपकिरी झालेले, चमकणारे, आत नव्या वर्तमानपत्राचे बोळे. टोकं रस्त्याकडे.

"आप्पा! हे काय केलंत?"

"अगं, जिन्यात कुनी पायताण ठिवतंय व्हय? चढता-उतरता पाय लागतोय. लक्ष्मी असती ती." आप्पांनी एका बुटाला बोटानं टिचकी मारली. "लई ब्येस चामडं हाय. तेलाबिगर मेलं हुतं."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मी म्हनलं हुतं, दुसऱ्याच्या जिनसाला हात लावू नगा!"

तेवढ्यात फाटक वाजलं. म्हातारे पेपर घेऊन आले होते. ते थांबले. बूट त्यांच्याकडे तोंड करून, जणू त्यांनाच भेटायला निघालेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी आयुष्यात इतकी घाबरले नाही, परीक्षेच्या निकालालाही नाही.

"त्यांना विचारा," ते मला म्हणाले, "बूट पायरीवरून का काढले."

मी विचारलं.

"पायताण दाराशी असतंय म्हनावं. भाईर जानाऱ्याचं भाईर तोंड करून ठिवायचं, म्हंजी निघताना शोधाशोध न्हाई. मालकांचं हाय न्हवं हे?"

"नाही आप्पा. त्यांच्या भावाचं आहे."

"भाऊ कुठं असतोय?"

"जर्मनीत. गावी."

आप्पांनी बुटांकडं पाहिलं, म्हाताऱ्यांकडं पाहिलं. "आन् पायताण हितं? मग त्यो अनवाणी हाय व्हय इतकी वर्सं?"

मी तेलाच्या बाटलीचं झाकण लावू लागले.

"काय म्हणाले?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"काही नाही."

"फ्राउ इंजिनिअर, चांगला माल नापास करू नका. काय म्हणाले?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

ते आप्पांशेजारी दाराच्या पायरीवर बसले. रस्त्यावरून शाळेची पोरं गेली, दुधाची गाडी गेली. त्यांची नजर आप्पांच्या उघड्या डाव्या पावलावर गेली, त्या पांढऱ्या, सुरकुतलेल्या डागावर. टूलरूममधल्या माणसाला असा डाग समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. आप्पा म्हणाले, "बूट न्हवतं." हे मी भाषांतर केलं नाही, करायची गरज पडली नाही.

बूट पुन्हा पायरीवर गेले नाहीत. पाऊस आला तेव्हा त्यांनी ते उंबऱ्याच्या आत घेतले, पण टोकं बाहेरच ठेवली. येता-जाता ते त्यांना वळसा घालायचे. तिसऱ्या दिवशी मी चहा करत असताना मागे येऊन उभे राहिले.

"ते तुमचं इंटरनेट," ते घसा साफ करून म्हणाले, "विमानंही दाखवतं का?"

आई-आप्पा परत निघाले त्या दिवशी म्हाताऱ्यांनी आप्पांना टूलरूममधले स्वतःचे लोखंडी टोपणाचे बूट दिले. एक माप मोठे होते. आप्पांनी दोन मोजे घातले आणि तेच घालून परत कोल्हापूरला गेले. विमानतळावर यंत्र तीनदा वाजलं, आणि तिन्ही वेळा आप्पा रांगेतल्या लोकांकडे अभिमानानं बघत होते.

जुलैत मला जर्मनीहून म्हाताऱ्यांचं एक पोस्टकार्ड आलं. आकडे नव्हते. "फ्राउ इंजिनिअर, पाय सुजल्यामुळे बूट त्याला बसत नाहीत. तरी नाडी न बांधता घालून बसला आहे. काढ म्हटलं तर काढत नाही. ग्रँड."

महिन्याभरानं ते परतले तेव्हा हात मोकळे होते. त्याच आठवड्यात त्यांनी ती चौऱ्याण्णव सालची अर्धी पायरी काढून टाकली, आणि शेडमधल्या ओकच्या फळीचं दाराशी बाकडं केलं, बूट घालायला बसण्यासाठी. जिना पुन्हा सारखा झाला. सहा वर्षांची सवय, मी पहिल्याच दिवशी तिथे अडखळले.

क्लब त्या वर्षी वर चढला नाही. पुढच्या वर्षी नवा दर्जा आला आणि तो न हरता सहावा झाला. पण एकोणपन्नास वर्षांनी ते बूट ज्याचे होते त्याला परत मिळाले.